उजवा पुढचा पाय

१४ नोव्हेंबर २००८

काका,

पाकीट हातात घेऊन तुम्ही आधी दोनदा उलटंपालटं केलं असणार. मी चिंगी, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. बाबा गेले तेव्हा आपण शेवटचे भेटलो, त्याला चार वर्षं झाली. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तुम्ही "गवत महाग झालंय" म्हणालात. पाच मिनिटं आपण दोघं वेगवेगळ्या विषयांवर अगदी आनंदात बोललो. त्यापेक्षा पत्र बरं.

मी हल्ली काय करते ते सांगते. वाळवंटाच्या कडेला एका जुन्या वस्तीचं टेकाड आहे, तिथं आमचं खोदकाम चालू आहे. माती, विटा, खापरं इतर लोक बघतात. माझ्या वाट्याला हाडं आली आहेत, आणि त्यातही उंटांची. एका लांबट खोलीत मी दिवसभर बसते. पुढ्यात ट्रे, हातात ब्रश आणि मापाची पट्टी. हाड धुवायचं, मोजायचं, त्यावर बारीक शाईनं नंबर घालायचा.

टेकाडाच्या खालच्या थरांतली हाडं मोठी, दणकट आहेत. पिल्लं, माद्या, म्हातारे नर, सगळे एकत्र सापडतात, आणि हाडांवर सुरीचे वार आहेत. म्हणजे ते रानातले उंट. लोक त्यांची शिकार करत आणि खात. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या, वरच्या थरांत मात्र हाडं थोडी लहान होतात आणि बहुतेक म्हाताऱ्या जनावरांची असतात. पायाच्या हाडांवर गाठी उगवलेल्या दिसतात. मला वाटतं, हे माणसानं पाळलेले, ओझी वाहिलेले उंट आहेत. पण आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या, म्हणतात, "वाटून काय उपयोग? दुष्काळातही जनावर खुजं होतं. म्हातारपणीही गाठी येतात. पुरावा आण."

त्यासाठी मला एका आजच्या उंटाची हाडं हवी आहेत. कधी जन्मला, कधी लादला, कुठल्या वर्षी आजारी पडला, हे सगळं ज्याचं माहीत आहे अशा उंटाची. मग त्याच्या शेजारी जुनं हाड ठेवून बघता येईल.

तुमची तांबडी आता चोवीस वर्षांची असेल. तिचं जेव्हा होईल तेव्हा, म्हणजे अजून पुष्कळ वर्षांनी, तिचे चार पाय मला द्याल का?

तुमची,
चिंगी


२ डिसेंबर २००८

हाडांच्या डॉक्टरीणबाई,

पत्र पोचलं. वाचून आधी राग आला. मग हसू आलं. मग तांबडीला वाचून दाखवलं. तिनं तोंड फिरवलं, म्हणजे उत्तर तिनंच दिलं आहे, मी फक्त लिहून पाठवतो.

पोरी, सबंध जन्म तिनं मीठ वाहिलं. मिठागरापासून गोदामापर्यंत, ऊन असो वारा असो. आता तिला टेकून बसू दे. मेल्यावरही कामाला लावायचं का तिला?

तुझ्या शिक्षणाचा मला अभिमानच आहे. तुझा बाप हयात असता तर गावभर सांगत सुटला असता, की आमची पोरगी हाड बघून वय सांगते. मला मात्र एक कळत नाही. उंट पाळीव कसा झाला हे शोधायला टेकाड कशाला खणावं लागतं? माझ्याकडे येऊन बस. सकाळी दार उघडलं की ती मान वर करते. मी खोकलो की कान हलवते. मी पलाण घेऊन आलो की न सांगता गुडघे टेकते, आणि दोन वर्षं झाली पलाण मोडून पडलंय तरी मी नुसता जवळ गेलो की टेकते. "अगं ऊठ, काही नाही आणलं," असं म्हणावं लागतं. ह्याहून आणखी काय पुरावा पाहिजे तुमच्या बाईंना?

आणि हेही लिहून ठेव. पाच वर्षांची होईपर्यंत मी तिच्या पाठीवर एक गोणी चढवली नाही. लोक तिसऱ्या वर्षी लादतात. मी नाही लादली. कुणालाही विचार. ती जी लंगडते ते माझ्यामुळे नाही. ते आमच्या चिरंजीवांचं कर्तृत्व. ते जाऊ दे.

हाडं मिळणार नाहीत. तू ये, चहा मिळेल.

काका


२० डिसेंबर २००८

काका,

माझं चुकलं. जिवंत जनावराचे पाय मागायचे आणि वर "पुष्कळ वर्षांनी" अशी मखलाशी करायची, हे शोभलं नाही. दिवसभर हाडांत बसून माणूस असा होतो. तांबडीला माझ्याकडून गूळ द्या.

एक मात्र सांगते. उंट पुष्कळ आहेत, पण ज्याचा प्रत्येक दिवस मालकाला तोंडपाठ आहे असा उंट दुसरा नाही. बाजारातून हाडं आणली तर ती मुकी असतात. कुणाचा उंट, काय वाहत होता, काही सांगत नाहीत. म्हणून तुमचीच आठवण झाली. आता परत मागणार नाही.

तांबडी लंगडायला लागली तेव्हा मी शाळेत होते. दादानं तिच्यावर जास्त ओझं घातलं, एवढंच घरात ऐकलं होतं. नक्की काय झालं होतं?

चिंगी


१५ फेब्रुवारी २००९

पोरी,

तांबडी परवा सकाळी गेली. तीन दिवस उठत नव्हती. पाणी मी ओंजळीनं पाजलं. शेवटी मान माझ्या मांडीवर होती, आणि तिच्या मानेचं वजन तुला माहीत नाही, माझा पाय बधिर झाला तरी हलवला नाही.

मिठागरावरची चार माणसं मदतीला आली. तिला घराच्या मागच्या वाळूत पुरलं. खड्डा भरताना तुझं पत्र आठवलं. कुणीतरी तीन हजार वर्षांनी तिला उकरून नंबर घालणार, त्यापेक्षा आपल्या घरातलीच पोरगी असलेली बरी, असं वाटलं. तेव्हा काय करायचं ते कळव. वाळू मऊ आहे, परत उघडता येईल.

तू विचारलं होतंस म्हणून सांगतो. ती नऊ वर्षांची होती. चिरंजीव सतरा वर्षांचे. एका सकाळी तो तिला घेऊन लांबच्या मिठागराकडे गेला, संध्याकाळी परत आला तेव्हा ती उजवा पुढचा पाय टेकत नव्हती. मी विचारलं, किती गोण्या घातल्या होत्यास? म्हणाला, रिकामी नेली होती. मिठागराकडे रिकामा उंट कोण नेतो? मुकादमही म्हणाला, हल्लीची पोरं एका खेपेत दोन खेपांचं काम उरकतात. माझ्या हातात दोरी होती. सगळ्यांसमोर मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. पंधरा वर्षं झाली. कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

काका


२२ फेब्रुवारी २००९

काका,

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या शेजारी आता मान वर करणारं कुणी नाही, हे मला समजतंय.

मनापासून वाटत असेल तरच करा. चारही पाय गुडघ्याच्या वरून वेगळे करून प्रत्येक पाय माशाच्या जाळ्यात गुंडाळायचा. प्रत्येक जाळ्याला पत्र्याची चकती बांधायची आणि कुठला पाय ते खिळ्यानं कोरायचं. मग परत वाळूत पुरून वर्षभर तसंच ठेवायचं. बाकीचं काम किडेमुंग्या करतात. तुमच्यानं होणार नसेल तर मिठागरावरच्या कुणाला तरी सांगा. तुम्ही जवळ उभंही राहू नका.

चिंगी


९ मार्च २०१०

पोरी,

वर्ष झालं. उघडलं. मीच केलं सगळं, तेव्हाही आणि आत्ताही. दुसऱ्याला कसं सांगणार?

एक गंमत सांगतो. हाडं इतकी स्वच्छ निघतील असं वाटलं नव्हतं. हातात घेतली तर हलकी लागली. ह्या एवढ्याशा नळीवर ती उभी राहायची? मी ती पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली, गवतात गुंडाळून लाकडी पेटीत भरली. चकत्या तशाच ठेवल्या आहेत. मिठाच्या ट्रकवाल्यानं रेल्वेपर्यंत नेतो म्हणून सांगितलं, पावती सोबत आहे.

उजव्या पुढच्या पायाच्या नळीवर गाठ आहे. बोट फिरवलं की खरखरीत लागते. चिरंजीवांनी एका दिवसात काय करून ठेवलं ते तुला दिसेलच. नीट बघ आणि मला लिही. पंधरा वर्षं मी ते तिच्या चालण्यात बघितलं, आता हाडात बघायचं आहे.

काका


१७ एप्रिल २०१०

काका,

पेटी सुखरूप मिळाली. एकही हाड हललं नव्हतं. इतकी नीट बांधलेली पेटी आमच्याकडे आजवर आली नाही, असं बाई स्वतः म्हणाल्या.

हाडांचा फार उपयोग होतो आहे. टेकाडाच्या वरच्या थरातल्या पायांच्या नळ्या मी टेबलावर ओळीनं मांडल्या, त्यांच्या शेजारी तांबडीच्या ठेवल्या. मापं जवळपास जुळतात. खालच्या थरातल्या रानटी उंटांच्या नळ्या शेजारी ठेवल्या तर धाकट्या भावाच्या चपलेशेजारी थोरल्याचा बूट ठेवावा तसं दिसतं. बोटांच्या हाडांवरच्या गाठीही सारख्याच जागी आहेत. आता बाईंना नाही म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी ह्यावर मोठा लेख लिहिणार आहे आणि त्यात तांबडीचा उल्लेख असेल.

उजव्या पायाचं म्हणाल तर गाठ आहे खरी. वयानं अशा गाठी होतात. जास्त विचार करू नका.

आपली,
चिंगी


२८ एप्रिल २०१०

पोरी,

माझी सातवीच झाली आहे, पण वाचता येतं. टेकाडाबद्दल तू पानभर लिहिलंस आणि तांबडीच्या पायाबद्दल अडीच ओळी. वर "जास्त विचार करू नका". तुझा बाप लहानपणी काहीतरी फोडून आला की असाच भरभर बोलायचा.

मी ती हाडं उकरून तुला दिली. बदल्यात दुसरं काही नको, जे दिसलं ते सांग. खोटं सांगायचं असेल तर पेटी परत पाठव.

काका


१० मे २०१०

काका,

सांगते.

उंटाचं हाड लहानपणी टोकाशी वाढत असतं. तिथं एक रेघ असते, कोवळी. साधारण पाच-सहा वर्षांचा झाला की ती रेघ जुळून हाड पक्कं होतं. वाढत्या वयात एका बाजूनं सारखा दाब पडत राहिला तर ती रेघ तिरपी जुळते आणि पाय कायमचा थोडा आत वळतो. बाहेरून दिसतही नाही. पुढं जनावर नीट चालतं, ओझं वाहतं, पण सांधा रोज थोडा थोडा घासला जातो. काही वर्षांनी एक दिवस असा येतो, की पाय टेकवत नाही.

तांबडीच्या उजव्या पुढच्या पायाची रेघ तिरपी जुळली आहे. डाव्या पायाची सरळ आहे. उजव्या पायाला कुठं मोड नाही, चीर नाही. एका दिवसात घडलेलं त्या हाडावर काहीच नाही. जे झालं ते ती तीन-चार वर्षांची असताना झालं, दादानं तिला त्या दिवशी नेलं त्याच्या पुष्कळ आधी. त्या दिवशी तो म्हणाला तसं ती रिकामी असेल, नाहीतर दहा गोण्या असतील. फरक पडत नव्हता. ती लंगडणारच होती.

तुम्ही लिहिलं होतंत, पाच वर्षांची होईपर्यंत गोणी चढवली नाही. काका, हाड तसं म्हणत नाही. म्हणून मी लपवलं. तुम्ही मला खोटं सांगितलं असेल असं मनात आलं आणि ते तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही.

आता सगळंच सांगते. ती तिरपी रेघ मला दिसली तेव्हा मी ओरडले. आनंदानं. कारण टेकाडातल्या दोन पायांवर अगदी तशीच रेघ आहे आणि मला तिचा अर्थ लागत नव्हता. रानातल्या पिल्लावर कुणी ओझं लादत नाही. तशी रेघ माणसाच्या हातूनच होते. मी दोन वर्षं जे शोधत होते ते तांबडीच्या पायात होतं. बाईंनी माझी पाठ थोपटली. आणि मग मी चकतीवर तुमच्या हातानं कोरलेलं "उजवा पुढचा" वाचलं आणि मला भलतंच वाटायला लागलं.

अजून एक. दादा कुठं आहे हे मला माहीत आहे. नऊ वर्षांपासून आम्ही एकमेकांना पत्रं लिहितो. तो एका बंदरावर क्रेन चालवतो. तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यानं शपथ घातली होती. तुम्ही "आहे की नाही" असं लिहिलंत तेव्हाही मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

चिंगी


१९ ऑगस्ट २०१०

पोरी,

तीन महिने हातात कागद धरवला नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. गोणी मी चढवली नव्हती. ते वर्ष कुठलं ते मी बोटांवर मोजत बसलो आणि मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो? पण तुझ्या काकूला मी ओझं म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

तू तेव्हा आठ वर्षांची. तुला एवढंच माहीत, की काकू आजारी होती. थोरला उंट त्याच वर्षी मेला होता. शहरातला दवाखाना सहा कोस, रस्ता सगळा गोट्यांचा. गाडीत तिला हादरे सोसवत नव्हते. आठवड्यातून एकदा न्यायचं, सुई द्यायची, आणायचं. मग तांबडीच्या पलाणाला डाव्या बाजूनं खाटेची झोळी बांधली आणि तिच्यात तुझ्या काकूला निजवलं. उजव्या बाजूला तोल साधायला गोणपाटात दगड. पहिल्या दिवशी मी काट्यावर मोजून भरले, अगदी तिच्या वजनाचे.

पोरी, ती वाळत गेली. महिन्याला कपडे सैल व्हायचे. मला दिसत होतं. दगड कमी करायला हवे होते. पण ती झोळीत पडल्या पडल्या माझ्याकडे बघत असायची. तिच्यादेखत मी गोणपाटातून दगड काढले असते तर तिला काय कळलं असतं? म्हणून काढले नाहीत. अकरा महिने तेच दगड. पलाण उजवीकडे कलायचं, म्हणून मी तिच्या बाजूच्या दोरीला लोंबकळत चालायचो. ती विचारायची, "दमलात का? दोरीला का धरता?" मी म्हणायचो, "तुझ्याजवळ चालावंसं वाटतं." हसायची.

शेवटी शेवटी ती एवढीशी राहिली होती आणि उजवीकडे पूर्ण बाईचे दगड होते. ते सगळं त्या पायानं वाहिलं. तीन वर्षांचं जनावर. एकदाही बसली नाही वाटेत.

आणि मी माझ्या पोराला मारलं.

तू तुझ्या लेखात लिही. "मालकानं तिसऱ्या वर्षी लादली" असं सरळ लिही. काकूचं लिहायची गरज नाही. हाडाला ते कळत नाही.

तू लपवलंस त्याबद्दल माझा राग नाही. त्याचा पत्ता मी मागत नाही, तू त्याला शब्द दिला आहेस. तूच त्याला विचार, की तुझे अण्णा आले तर चालेल का. नाही म्हणाला तर मला नाही असं लिही. गोड करून लिहू नकोस.

काका


१२ सप्टेंबर २०१०

चिंगे,

तुझं पत्र आणि त्यासोबत पाठवलेलं अण्णांचं पत्र, दोन्ही वाचली. पाळी संपवून खाली उतरलो आणि कॅन्टीनमध्ये वाचली, मग परत एकदा घरी.

हाडाचं तू आत्ता सांगते आहेस. मला ते तेव्हाच माहीत होतं. ती महिनाभर आधीपासून पाय चोरत होती, मी अण्णांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, काम टाळायला निमित्त शोधू नकोस. त्या दिवशी मी तिला खाऱ्या पाण्यात पाय बुडवून उभी करायला नेलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं, मिठाच्या पाण्यानं सूज उतरते. म्हणून रिकामी. हे सांगायला तोंड उघडलं तोवर दोरी बसली.

मारलं त्याचं काही नाही. बापाचा मार कुणाला बसत नाही? त्यांनी विचारलं नाही, त्याचं होतं. आणि तेही आता फार लांबचं झालं आहे. खरं सांगतो, राग शोधून बघितला, सापडला नाही.

येऊ देत त्यांना. सोमवारी माझी दुपारची पाळी नसते, संध्याकाळची असते. दोन नंबर गेटला यायला सांग, आत पास लागतो.

दादा


५ नोव्हेंबर २०१०

पोरी,

जाऊन आलो. तू वाट बघत असशील म्हणून लिहितो.

नऊ तासांचा प्रवास झाला. दोन नंबर गेटपाशी उभा राहिलो. आत मोठमोठ्या क्रेन, आणि त्यांना लटकलेल्या घराएवढ्या पेट्या. लांबून एक माणूस येताना दिसला, डोक्यावर पिवळी कडक टोपी. चाल माझ्या भावाची, तुझ्या बापाची. जवळ आला तेव्हा कानशिलांवरचे केस पांढरे दिसले. मी मनात सतरा वर्षांचा मुलगा घेऊन गेलो होतो, ह्याचे केस पिकायला लागलेत.

"प्रवास नीट झाला का? तुम्ही जेवलात का?" त्यानं विचारलं. लहानपणी तो मला "अण्णा, तू" म्हणायचा. मी नाही जेवलो म्हणालो, तर कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. माझ्यापुढं ताट ठेवलं आणि मला ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि मोठ्यानं बोलायला लागला. लोक बघत होते, त्याची त्यानं पर्वा केली नाही.

वाटेत मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. ते सगळं राहिलं आणि मी तांबडी कशी गेली तेच सांगत बसलो. त्यानं नीट ऐकलं. मग मी दगडांचं सांगितलं. म्हटलं, हे मी चिंगीशिवाय आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही कळू दिलं नाही.

तो म्हणाला, "आईला माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं परत सांगितलं, कानाजवळ. "आईला माहीत होतं, अण्णा. तुम्ही पाणी आणायला गेलात की ती मला म्हणायची, त्या गोणपाटातले दोन दगड काढून टाक, ते पिल्लू बिचारं वाकलंय. मी काढायला गेलो की म्हणायची, नको, राहू दे. त्यांना कळेल की मला कळलंय."

पोरी, मी जेवण तसंच ठेवलं.

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं. तिला, मला, पोराला. आणि तिघंही गप्प. जिला बोलता येत नव्हतं, त्या एकटीच्या पायावर सगळं गेलं.

मग मी ते म्हणालो, ज्यासाठी गेलो होतो. "चुकलो रे. तुला विचारायला हवं होतं." तो लगेच म्हणाला, "असू द्या हो अण्णा. झालं गेलं." माझा हात थोपटला. मोबाइलमध्ये त्याच्या मुलीचा फोटो दाखवला, सहा वर्षांची आहे, दात पडलेत. घर लांब आहे म्हणाला, पुढच्या खेपेला नेईन. वाईट काही बोलला नाही. एक शब्दही नाही. गर्दीत चुकून पायावर पाय पडला तर माणूस "असू द्या" म्हणतो ना, तसं म्हणाला. मी पंधरा वर्षांची, नाही, सतरा वर्षांची गाठ उराशी धरून गेलो होतो, त्यानं ती दोन शब्दांत सोडवली आणि माझ्या हातात मोकळी दोरी राहिली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्यावर चिडण्याइतकं आता त्याचं माझ्याशी काही राहिलेलं नाही.

त्याला दोष देऊ नकोस. तो चांगला माणूस झाला आहे. माझ्याशिवाय झाला.

बसस्टँडवर त्यानं मला खिडकीजवळची जागा बघून दिली, पाण्याची बाटली दिली. ड्रायव्हरला सांगितलं, ह्यांना कमी ऐकू येतं, थांबा आला की हात लावून उठवा. "निघतो, अण्णा. पाळीची वेळ झाली," म्हणाला, खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मला वाटलं गाडी सुटतच असेल, म्हणून मीही "बरं" एवढंच म्हणालो.

गाडी त्यानंतर अर्धा तास सुटली नाही.

काका